सावडीच्या दुपारा

हे सगळं घडलं ते दोन हजार बावीस साली, नागपंचमीपासून मार्गशीर्षापर्यंत. मला तेव्हा अडुसष्टावं लागलं होतं. गाव आमचं कृष्णेकाठचं, वाळव्याच्या बाजूचं. चहूकडं ऊस आणि घरटी एक माणूस मिलिटरीत. माझे मालक हवालदार होऊन रिटायर झाले आणि पुढं चार वर्षांत गेले. मुलगा शिवतेजही मिलिटरीत, तेव्हा राजस्थानात होता. घरात मी आणि सून प्रियदर्शनी, दोघीच.

वाकळा शिवायची रीत आमच्या गल्लीत फार जुनी. जुनी सुती लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरायची, वर ठिगळं मांडायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं. चौघी बसल्या तर एक वाकळ सहा दुपारांत निघते. एकटीनं घेतली तर महिना जातो आणि मानही जाते. म्हणून सावड. आज तू माझ्या वाकळेला बस, उद्या मी तुझ्या. पैसा नाही, मजुरी नाही, कुठं लिहून ठेवायचं नाही. आपण कुणाकडं किती दुपारा बसलो ते जिचं तिला पाठ असतं.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन या गल्लीत आले. त्याच महिन्यात शेजारच्या घरात भामाबाई आली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून भामाक्का. आम्हां दोघींना सुई धरायला गल्लीतल्या सोप्यांनी, घरांच्या पुढच्या पडव्यांनी, शिकवलं. थंडी लागली की कुठल्या ना कुठल्या सोप्यात आठ-दहा बायका पाय पसरून बसलेल्या असायच्या. सासू ऐकत असली तर माहेरचं बोलायचं, सासू उठून आत गेली की सासूचं. पहिल्या दिवसांत मला रडू आलं होतं ते भामाक्काच्या सासूच्या वाकळेवर. त्या म्हातारीनं वर न बघता सांगितलं, "रडायचं तर कडंला रड, मधे डाग पडतोय."

प्रियदर्शनी पुण्याला नोकरीला होती. कोरोनात नोकरी गेली आणि ती गावी आली. मला ती आत्या म्हणते. बी.कॉम. झालेली मुलगी, दिवसभर घरात बसून तिचा चेहरा काळवंडायला लागला. एक दिवस तिनं माझ्या अंथरुणातल्या वाकळेचा फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. पहिल्या हिवाळ्यात दोन वाकळा विकल्या गेल्या, दुसऱ्या हिवाळ्यात चौदा. त्या चौदांना गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या सावडीनं बसल्या. वाकळ विकायची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. कौतुकच होतं सगळ्यांना, आपल्या गल्लीची वाकळ पुण्याला गेली म्हणून.

बावीसच्या जूनमध्ये राजवर्धन आला. साताऱ्याचा मुलगा, पाचगणीत त्याचं गेस्टहाऊस होतं. सोप्यात आल्या आल्या त्यानं बूट काढले, वाकळेवर हात फिरवला आणि तिचं टोक नाकाला लावलं.

"आजी, हा वास कसला?"

"ट्रंकंतला. डांबरगोळीचा."

"काढू नका. पाहुणे वेडे होतात अशा वासाला." मग तो मांडी घालून बसला. "मला चाळीस पाहिजेत. वीस डिसेंबरच्या आत. नाताळात माझी एक खोली रिकामी नसते. पण अशाच, जुन्या सुती. मशीनच्या मला कुठंही मिळतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. चाळीस वाकळा आमच्या गल्लीनं पाच वर्षांतही शिवल्या नसतील. मी तोंड उघडायच्या आत प्रियदर्शनी म्हणाली, "होतील."

तिच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणवलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा ती ताठ बसली होती.

तो गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, या वेळी बायकांना रोजानं बोलवू. रीतसर मजुरी देऊ."

"खुळी का काय तू? भामाक्काला मजुरी देऊ? त्वांडावर फेकंल माझ्या."

"एकदा विचारून तर बघा."

"हा शब्द गल्लीत काढायचा न्हाई," मी म्हणाले. "आमच्यात सावड असती."

मी गल्लीची रीत राखत होते असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. ती रीत मला स्वस्तात पडत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर ध्यानात येऊ दिलं नाही.

नागपंचमीला सुई धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. दोन वाकळा एकदम अंथरल्या. भामाक्का, गल्लीच्या टोकाच्या हंबीररावांच्या घरची आणि आणखी पाचजणी. शिवाय मी आणि प्रियदर्शनी. आठवड्याला दोन काढल्या तर डिसेंबर गाठता येत होता. पहिले दिवस मजेचे गेले.

"आगं शालू, ह्या वाकळंवर निजणार तरी कोण?" भामाक्कानं विचारलं.

"नवीन लग्न झालेली जोडपी," प्रियदर्शनी हसू दाबत म्हणाली.

"मग टाकं जवळजवळ घाला गं पोरींनो! पाचगणीला थंडी हाय, आनि नवरा नवा हाय. दोन दिसांत उसवायची."

हंबीररावांच्या घरची पदरात तोंड घालून हसायला लागली. "भामाक्का, तुमाला काय म्हाईत पाचगणी? तुमी कवा गेलता?"

"मी? माझ्या मालकानं मला साखर कारखाना दाखवला, लग्नाच्या वर्षी. त्यो धूर बघून आलो आमी. मला त्येच पाचगणी."

असं चालायचं. पण वाकळेमागून वाकळ अंथरायला लागली तसं बोलणं कमी झालं. घरची वाकळ असली की मधे दोन दिवस दम असतो. कुणाकडं पाहुणे येतात, कुणाची शेतातली भांगलण निघते. इथं एक निघाली की घडी घालायच्या आत दुसरी. गौरी-गणपतीत बायका दोनच दिवस चुकल्या. नवरात्रात घरोघरी धुणी निघाली तरी तासभर का होईना येऊन बसल्या. एके दिवशी उठता उठता हंबीररावांच्या घरची म्हणाली, "शालूवैनी, आमची बी एक अंथरायची हाय. थोरल्याला खोली बांधली न्हवं का. कवा येताय?"

"दिवाळी हूं दे," मी म्हणाले.

मग आणखी एकीनं विचारलं, तिलाही दिवाळी होऊ दे. त्या दोन महिन्यांत हे वाक्य माझ्या तोंडात बसलं. कुणी काही मागायच्या आत मी ते म्हणायला लागले.

दिवाळीच्या तोंडाला धोंडुबाई आली. ती आटपाडीकडची, मेंढरंवाली. पाण्याच्या ओढीनं दरवर्षी त्यांचा तांडा आमच्या बाजूला उतरतो आणि आमच्या रिकाम्या शेतात खतासाठी चार रात्री मेंढरं बसवतात. तिची लेक मंगल आमच्याच गावात दिली होती आणि आमच्या शेतात रोजानं यायची. आदली दोन वर्षं धोंडुबाईनं तिकडून जुन्या लुगड्यांची गाठोडी आणली होती. एका लुगड्याला मी एक नवी साडी द्यायची. या वेळी तिनं सोप्यात पिशवी उपडी केली तर तीन लुगडी पडली.

"धोंडुबाई, एवढंच?"

"आवं, लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या ऱ्हायल्यात किती तिकडं? तुमी दोन सालात निम्मा तालुका उघडा केला की!" ती चंचीतली सुपारी काढत हसली. "आता ज्येवढ्या हायत त्या अंगावरचं नेसून हायत. फेडून आणू काय?"

"आगं, कुठं मिळंल तर बघ की. वीस-पंचवीस तरी लागतील मला."

"माझी मेंढरं सालात दोनदाच कातरत्यात, शालूबाई. तिसऱ्यांदा कातर लावली तर लोकर न्हाई, कातडं येतंय हातात."

ती सुपारी चघळत निघून गेली आणि मी माझी ट्रंक उघडली. मालकांची धोतरं निघाली, माझी स्वतःची जुनी लुगडी निघाली. मग मी गल्लीत घरोघरी गेले. नवी साडी घ्या, जुनं सुती द्या. कुणी नाही म्हणालं नाही. त्यांच्या ट्रंकाही रिकाम्या झाल्या आणि ते सगळं माझ्या मधल्या खोलीत येऊन पडलं.

ती मधली खोली मला अजून आठवते. शिवून झालेल्या वाकळा भिंतीला लावून रचल्या होत्या. आधी खिडकीच्या कट्ट्यापर्यंत आल्या, मग खिडकी झाकली. दिवसाही दिवा लावावा लागायचा. माझं अंथरूणही त्याच खोलीत होतं, कारण बाहेर सोप्यात चार वाकळा अंथरलेल्या असायच्या आणि त्या मोडायच्या नाहीत. डांबरगोळीच्या वासानं डोकं धरायचं. उजव्या हाताची तर्जनी सुजून अंगठ्याएवढी झाली होती. दर रविवारी प्रियदर्शनीच्या फोनवर राजवर्धनचा निरोप यायचा, "आजी, किती झाल्या?" ती मला आकडा विचारायची. मी आकडा सांगायची आणि पुढच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजायची. तुळशीचं लग्न झाल्यावर खंडाळ्याला माझ्या भावाच्या नातवाचं लग्न होतं. पन्नास वर्षांत भावाच्या घरचं एकही कार्य मी चुकवलं नव्हतं. ते चुकवलं. भावानं फोनवर विचारलं, "तब्येत बरी न्हाई काय?" मी हो म्हणाले. खोटं बोलणं सोपं होतं, चाळीस वाकळा म्हणजे काय ते समजावून सांगणं अवघड. कुणी मला दावं बांधलं नव्हतं. पण चार दिवस उठून कुठं जाईन म्हटलं तर पाय निघत नव्हता.

भावाकडच्या त्या लग्नानंतर आठेक दिवसांनी भामाक्का दारात येऊन उभी राहिली. बसली नाही. तिची नात रेश्मा, मुलाची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सरत आला होता.

"सोमवारपास्नं बाळंतिणीची वाकळ अंथरतिया. तू ये."

"येते की."

"नुसतं येते म्हनू नगंस." ती म्हणाली. "माझ्या तुझ्याकडं एक्क्याऐंशी दुपारा हायत, शालू. मी त्यातल्या सा दुपाराच मागती."

एवढ्या वर्षांत तिनं कधी आकडा काढला नव्हता. कुणीच काढत नसतं. सव्वीस वाकळा झाल्या होत्या, चार अंथरलेल्या होत्या, दहा उरल्या होत्या आणि महिना हातात होता. सहा दुपारा गेले तर वीस तारीख गेली. तरीपण जायचंच असं मी रविवारी ठरवलं. सोमवारी सकाळी राजवर्धनचा पुन्हा निरोप आला, की पाहुण्यांना त्यानं फोटो पाठवलेत आणि सगळे वाट बघताहेत. आणि मी मंगलला बोलावणं धाडलं.

हे मला कुणी सुचवलं नव्हतं. प्रियदर्शनीला तर माहीतही नव्हतं. माझंच डोकं. हाताला हात दिला की सावड फिटली, असा मी हिशेब केला. मंगलचा हात चांगला, टाका बारीक.

"मंगल, आजपासनं सा दुपारा भामाक्काकडं वाकळंला बस. तुझा रोज मी दीन."

"तुमच्या वाटणीचं, काकी?"

"व्हय."

ती जरा घुटमळली, पण गेली. अर्ध्या तासात परत आली. हातात केळं होतं.

"काय गं? का आलीस?"

"चहा दिला त्यांनी, केळं दिलं. म्हनल्या, जा बाई, तुझ्यावर माझा राग न्हाई."

"आणि?"

मंगल खाली बघायला लागली. "आणि म्हनल्या, शालूला सांग, आमच्यात अजून खांदा द्यायला मानसं रोजानं लावत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी सोप्यात पाण्याची घागर भरून ठेवली. चार वाकळा अंथरलेल्या होत्या, प्रत्येकीच्या सुया आदल्या टाक्याला टोचलेल्या. सव्वा वाजला, दीड वाजला. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं गेला. हंबीररावांच्या घरची हातात सुईदोऱ्याची पिशवी घेऊन आली, माझ्या दारासमोर पदर पुढं ओढला आणि पुढं भामाक्काच्या घरात शिरली. मग दुसरी. मग तिसरी. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. मी आणि प्रियदर्शनी चार वाकळांच्या मधे दोघीच बसलो होतो.

तिसऱ्या दिवशीही तसंच. प्रियदर्शनीनं सुई ठेवली.

"आत्या, शेजारच्या गावातून रोजानं बायका आणू. मी आज जाते."

"वाकळ रोजानं हुत न्हाई."

"मग कशानं होते? फुकटानं?"

ती हळू आवाजात, पण थांबल्याशिवाय बोलत गेली. "मी जूनमध्ये मजुरी म्हणाले तर तुम्ही म्हणालात, रीत आहे. रीत असती तर तुम्ही फेडली असती. तुम्हाला लाज वाटते म्हणून मजुरी नाही, आणि वेळ नाही म्हणून सावड नाही. मग त्या बायकांना मिळालं काय, आत्या? साडेतीन महिने त्या कशासाठी बसल्या?"

मी उठून चप्पल घातली आणि शेजारी गेले.

भामाक्काच्या सोप्यात सहाजणी वाकळेभोवती बसल्या होत्या. कोपऱ्यात कॉटवर रेश्मा उशीला टेकून बसली होती. मी वाकळ बघितली. वरचं सगळं कापड छापील पॉलिस्टरच्या साड्यांचं होतं, आतले थरही तेच. सुई घसरत होती, टाका बसतच नव्हता. असल्या वाकळेवर बाळंतीण घामानं भिजते आणि तान्ह्या पोराला ऊब लागत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"बघतीस काय?" भामाक्का म्हणाली. "सुती कुठनं आणू? तुझ्या खोलीत हाय सगळं."

"आज्जी, आसूं दे गं," रेश्मा कॉटवरून म्हणाली.

"का आसूं दे? तुझ्या आईला माझ्या सासूच्या लुगड्यावर बाळंत केलिया मी. तुला ह्या झिळमिळ्यावर निजवू?"

"भामाक्का, मी बसते," मी म्हणाले.

"बस की. जागा दिसंल तिथं."

जागा नव्हती. कुणी सरकलं नाही. मी उभीच राहिले आणि उभ्या उभ्याच विचारलं, "माझ्याकडं कुणाच्या किती हायत? सांगा."

मग हंबीररावांच्या घरची वाकळेकडं बघतच म्हणाली, "सदुसष्ट." दुसरीनं अठ्ठावन्न सांगितल्या. बावन्न. एकोणपन्नास. चाळीस. सगळ्यांत धाकटी सून, लग्न होऊन वर्ष झालेली, म्हणाली, "माझ्या तेवीस, पर ऱ्हाऊ द्या, काकी."

"का ऱ्हाऊ दे?" भामाक्का कडाडली. "तेवीस म्हंजे तेवीस."

तिच्या एक्क्याऐंशी धरून तीनशे सत्तर झाल्या. दिवाळी ते शिमगा रोज एक दुपार बसले तरी तीन हिवाळे. पाचगणीच्या वाकळा मी विकल्या होत्या आणि त्यांच्या बदल्यात माझे तीन हिवाळे आधीच गेले होते. माझं मलाच कळलं नव्हतं.

मी घरी आले. सोप्यात अंथरलेल्या चार वाकळांतली सगळ्यांत मऊ बघितली आणि कात्रीनं टाके उसवायला लागले. प्रियदर्शनी आतून धावत आली.

"आत्या! ती चाळीसातली आहे!"

"आता चाळीस न्हाईत. सव्वीस."

"तुम्ही परस्पर ठरवलं?"

"चाळीस तू परस्पर म्हनलीस. सव्वीस मी परस्पर म्हंते."

तिनं फोन माझ्या पुढं धरला. "मग तुम्हीच सांगा त्याला. माझ्यानं होणार नाही."

राजवर्धननं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, माझ्या चौदा खोल्यांना काय घालू मी?"

"ब्लँकेट घाल, बाळा."

"मी शब्द दिलाय लोकांना."

"मी बी दिलता," मी म्हणाले. "तुझ्या आधी दिलता."

तो बघतो म्हणाला आणि फोन ठेवला. प्रियदर्शनी आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तिच्या दारावर थाप मारायला मी हात उचलला होता. पण तो खाली घेतला, उसवलेली लुगडी काखेत मारली आणि पुन्हा भामाक्काकडं गेले. ट्रंकेच्या तळातून सासूबाईंचं इरकली लुगडंही काढून घेतलं होतं. ते तेवढं मी चाळीसांतून मागं ठेवलं होतं.

भामाक्कानं त्याचा काठ बोटांत चोळला. "ह्ये तुझ्या सासूचं."

"व्हय."

"लय शिव्या दिल्यात मला हिनं. माझी कोंबडी हिच्या परड्यात गेली म्हनून."

"मग आता निजू दे की तुझ्या नातीला तिच्यावर."

हंबीररावांच्या घरची आधी हसली, मग बाकीच्या. भामाक्का हसली नाही. तिनं पॉलिस्टरची वाकळ गोळा करून बाजूला टाकली आणि इरकली मधोमध अंथरलं. ती सरकलीही नाही, फक्त उजवा गुडघा मुडपून घेतला. तेवढ्या जागेत मी बसले. सहा दुपारा बसले, आणि त्या सहा दुपारांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सुटले असं मला वाटलं नाही. फक्त कुठं अडकले आहे ते दिसायला लागलं.

रेश्माला मुलगी झाली, मार्गशीर्षातल्या गुरुवारी. आता ती अंगणवाडीत जाते. वाकळ रेश्मा साताऱ्याला सासरी घेऊन गेली.

राजवर्धननं सव्वीस वाकळा नेल्या आणि उरलेल्या चौदा कुठूनतरी मशीनच्या आणल्या. वर्षभर त्याचा फोन आला नाही. नंतर आला. आता वर्षाला बारा नेतो, आणि तारीख मागत नाही. त्या बारा वाकळा माझ्या नसतात. माझ्या खोलीत उरलेलं सुती मी ज्या घरचं त्या घरी परत दिलं. ज्या घरातलं लुगडं, त्या घराची वाकळ आणि त्याच घराचे पैसे. प्रत्येक घर आधी एक स्वतःसाठी शिवतं, मग वाटलं तर एक विकायला. मी फक्त बसते.

प्रियदर्शनी जानेवारीत घर सोडून तालुक्याच्या गावी गेली. तिथं तिनं शेड भाड्यानं घेतलं, चार मशिनी टाकल्या आणि नव्या सुती कापडाच्या गोधड्या शिवायला घेतल्या. रोजानं, रीतसर. मंगल तिची पहिली कामगार. आज तिच्याकडं अकराजणी आहेत. डिसेंबरचं काम ती जुलैतच घेणं बंद करते; पहिल्या वर्षी तिचेही हाल झाले असं मंगलनं मला सांगितलं, तिनं नाही. वर्षभर आम्ही धड बोललो नाही. शिवतेज रजेवर आला की इकडचा डबा तिकडं न्यायचा आणि दोघींच्या शिव्या खायचा. तो आता रिटायर होऊन आलाय आणि शेडचा माल टेम्पोनं पोचवतो. प्रियदर्शनी शनिवारी घरी येते. तिच्या गोधड्या चांगल्या असतात. मला त्यांच्यात झोप लागत नाही, पण ते मी तिला सांगत नाही.

धोंडुबाईनं निम्मी मेंढरं विकली आणि मुलानं डाळिंब लावलं. गुडघ्यांनी तिला धरलंय. दोन वर्षं झाली, ती आमच्याकडं उतरली नाही.

बाकीच्या बायकांच्या दुपारा मी फेडत आले. धाकट्या सुनेच्या तेवीस सगळ्यांत शेवटी फिटल्या, कारण ती मागायलाच लाजायची. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा अजून आहे.

भामाक्का चोवीसच्या भाद्रपदात गेली. पहिल्या हिवाळ्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली होती, पण आधीसारखं नाही. तिच्या एक्क्याऐंशीतल्या एकोणीस दुपारा राहिल्या. तिची सून म्हणाली, आता कुठं धरता, आत्याबाई, सोडून द्या. त्यांतल्या सात मी साताऱ्याला रेश्माकडं राहून बसले, तिच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वाकळेला. उरलेल्या बारा दुपारांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.